हंबीररावांची टाकी

सकाळी सातच्या बातम्या चालू होत्या, रूपाली आत डबे भरत होती, आणि माझ्या समोरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी हललं. झालं एवढंच. पेल्याभोवती माझा उजवा हात होता. पाण्यावर बारीक बारीक कडी उमटत होती, मधून निघून कडेला जात होती, पुन्हा मधून निघत होती, आणि माझ्या बोटांच्या टोकांत, कातडीच्या आत कुठंतरी, मुंग्या येण्याच्या अलीकडचं असं काहीतरी सुरू होतं. मी हाताकडे बघितलं. हाताला काही झालेलं दिसत नव्हतं. तोच जाड अंगठा, तीच वंगण मुरलेली नखं. पण पाणी हलत होतं ते हलतच होतं. मी पेला उचलला, मोरीत रिकामा केला आणि पालथा घालून ठेवला. "पाणी का ओतलं?" रूपालीनं आतून विचारलं. "माशी पडली हुती," मी म्हणालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, बायकोशी इतक्या झटक्यात मी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि तिनंही ते झटक्यात खरं मानलं याचाच मला राग आला. दोन हजार सात सालच्या दसऱ्यानंतरची ही गोष्ट. जवाहरनगरात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगी संघप्रिया पुण्याला नोकरीला. रूपाली पोस्टात खिडकीवर बसते. घरात आम्ही दोघंच. त्या दिवशी मी डबा घेऊन निघालो, सायकलला किल्ली लावली, आणि किल्ली भोकात पहिल्या फटक्यात गेली म्हणून कुणीतरी बक्षीस दिल्यासारखा तिथंच उभा राहिलो.

मला माहीत होतं हे काय आहे ते. आमच्या घरात ते येऊन राहून गेलं होतं. माझे वडील, आबा, गडहिंग्लज तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांचं नाव आकाराम. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला, सत्तावन साली मी झालो, आणि आख्ख्या भावकीची जीभ अडखळावी असं नाव त्यांनी मला ठेवलं, प्रसेनजीत. हजेरी घेताना मास्तर चाचरायचे, मग आबा घरी येऊन हसायचे. पंचेचाळिशीत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर नुसता ठेवला की जास्त. खडू धरला की आधी शांत व्हायचा, मग दोन ओळी झाल्या की फळ्यावरचं अक्षर वाकडं चालायला लागायचं आणि मागं पोरं फिसफिसायची. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. आबांना रोगापेक्षा त्रास व्हायचा तो चहाचा. लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्या लोकांचा पेला बाहेर वळचणीला ठेवलेला असायचा. स्वतः विसळायचा, स्वतः पालथा घालायचा. त्यामुळं मोठेपणी आबा पेल्यातनं चहा कधी प्यायले नाहीत. कप पाहिजे, बशी पाहिजे, आणि बशीसकट कप छातीपाशी धरून, ताठ बसून, सावकाश प्यायचा. त्र्याऐंशी साली रूपालीला बघायला आम्ही निपाणीला गेलो. रूपालीनं ट्रे आणला, आबांनी कप-बशी उचलली आणि बशी वाजायला लागली. खडखड, खडखड. आणि मी, सव्वीस वर्षांचा, नव्या शर्टातला शहाणा, दात आवळून म्हणालो, "आबा, ठेवा ती खाली. लाज आणताय." आबांनी ठेवली. त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण चारचौघांत कधी चहा घेतला नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, मला पित्त होतं. मी माफी मागितली नाही. आज मागू, दिवाळीला गेल्यावर मागू, असं करत करत चौऱ्याण्णव साली ते गेले.

आणि माझा धंदा काय, तर थरथर काढायची. उद्यमनगरात जयसिंगरावांच्या कारखान्यात पाण्याचे पंप होतात. पंपाच्या पोटात जो पंखा फिरतो त्याची एक बाजू कुठंतरी तोळाभर जड असते. ती शोधायची आणि घासून हलकी करायची, हे मी तीस वर्षं करतोय. दोन सपाट पात्यांवर पंख्याची दांडी आडवी ठेवायची आणि हळूच ढकलायचं, जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. पुढं पंप जोडून चालवतात आणि मी त्यावर पंजा ठेवतो, डोळे मिटून. कारखान्यात मीटर आहे, चांगला महागाचा आहे, पण जयसिंगराव मीटर बघत नाहीत, माझं तोंड बघतात. एकदा एक पंप मी अडवला, मीटर पास म्हणत होता, आणि उघडल्यावर बेअरिंगला चीर निघाली. तेव्हापासून माझा शब्द म्हणजे शब्द. असा मी माणूस, एक पंखा तीनदा फिरवून बघितल्याशिवाय सोडत नाही, आणि स्वतःच्या हाताची साधी दुसरी चाचणी घ्यायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरकडंही गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी नाव घेतलं असतं, आणि ते नाव एकदा कागदावर चढलं की मग सुटका नाही असं मला वाटायचं. कारखान्यात हात ठणठणीत होता. त्यानं मी खूश व्हायला पाहिजे होतं, पण मला आबांचा खडू आठवायचा. कामात शांत, निवांत बसलं की सुरू. तंतोतंत तेच. घरी टेबलावर हात टेकला की सुरू, खाटेच्या कडेला धरलं की सुरू, भिंतीला टेकून पेपर वाचायला बसलं की पाठीतनं सुरू. संध्याकाळी साडेसात-आठला तर छातीतसुद्धा भुणभुण व्हायची. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची, हंबीररावांची, टाकी भरत असायची, पाण्याचा खळखळाट ऐकू यायचा, आणि मी मनाशी म्हणायचो, हा बघ, दिवसभराचा दमलेला हात आता कसा बोलायला लागला. गणपती झाल्यावर त्यांनी ती टाकी त्यांच्या घराला लागूनच्या गच्चीत चढवली होती, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून. दोर धरायला मीसुद्धा होतो.

मग लपवाछपवी सुरू झाली. मी कप-बशी सोडली आणि पेल्यातनं चहा घ्यायला लागलो, म्हणालो गरम राहतो. जेवताना आमटीची वाटी उचलायची सोडली. हात खिशात ठेवायची सवय लावली. संडासात बसून पेपरच्या कडेला सही करून बघायचो, तिथं सही बरी यायची, मग बाहेर टेबलावर येऊन करायचो आणि "प्र"ची शेपटी जरा हलल्यासारखी वाटायची. वाटायची म्हणजे काय, मला तर ती सापासारखी वळवळताना दिसायची. भीती बसली की डोळे तेच बघतात. मध्ये एकदा बहिणीकडे, अंबूबाईकडे, गडहिंग्लजला दोन दिवस गेलतो. तिथं हात गप्प. पितळेचा तांब्या भरून ओट्यावर ठेवला, शेजारी हात ठेवला, पाणी आरशागत. अंबूबाई म्हणाली, "दादा, तांब्याकडं काय बघत बसलायस? पी की!" मला वाटलं, रोगसुद्धा माहेरपणाला आलाय, दोन दिवस विश्रांती घेतोय. एसटीनं परत आलो, गाडी सगळ्या रस्त्यानं इतकी हादरली की मला माझी थरथर शोधायलाच मिळाली नाही. घरात शिरून टेबलावर हात टेकला आणि ती होतीच. त्या रात्री मी ठरवलं, आता बास. आज ना उद्या माझा पंजा मला फसवणार, हललेला पंप मी "जाऊ दे" म्हणणार, आणि कुणाच्या तरी विहिरीवर तो फुटणार. त्याच्या आधी आपणच बाजूला झालेलं बरं. दुसऱ्या दिवशी जयसिंगरावांकडे आठ दिवसांची रजा मागितली. "काय मिस्त्री, पोरीचं जमलं का काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सोमवारी येऊन सांगतो." सोमवारी मी त्यांना सांगणार होतो की दुसरा माणूस बघा. सुटताना कारखान्याच्या दारात मी पात्यांवर एक पंखा ठेवलेला बघितला, कुणीतरी अर्धवट सोडलेला, आणि माझे डोळे भरून आले. वाऱ्यानं कचरा गेला म्हणून मी डोळे पुसले.

बुधवारी, रजेच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता मी घरात एकटा होतो. आमच्याकडं त्या वर्षी आठवड्यातनं ठरावीक दिवशी सकाळी दहा ते एक लाइट जायची. मी सदानकदा कारखान्यात, तिथं जनरेटर, त्यामुळं आपल्या घरात लाइट गेल्यावर काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. टेबलाशी बसलो होतो, हात टेबलावर, समोर पाण्याचा पेला. मुद्दाम ठेवलेला. जखमेची खपली काढावी तसं मी रोज ते करायचो. पंखा फिरत होता. लाइट गेली. पंखा हळू झाला, थांबला. आणि हात थांबला. मी हाताकडे बघत राहिलो. पेल्यातलं पाणी गप्प. मला आधी वाटलं, आता काहीतरी मोठं होतंय, हातातला जीवच गेला. बोटं हलवली, हलली. परत टेबलावर ठेवली. काही नाही. खाटेच्या कडेला धरलं, काही नाही. भिंतीला पाठ लावली, मग गाल लावला, भिंत गार आणि मुकी. खाली कुणाची तरी शिट्टी झाली कुकरची, रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, एवढं सगळं मला ऐकू आलं. मी टेबलावरचा हात काढून घेतला, परत लावला, डावा लावला. तीस वर्षं लोकांच्या मशिनींना जे करतो ते सगळं मी त्या दिवशी तीन तासांत घराला केलं. पेपर घेऊन टेबलावर सही केली, एकदा, दहादा, अख्खं क्रिकेटचं पान भरून टाकलं. एक वाजला. लाइट आली. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला. हात गप्प होता. मी फ्रिजचा प्लग काढला, तरी गप्प. आणि मग, चार-पाच मिनिटं गेली असतील, टेबलाच्या लाकडातनं ती आली. मी हात वर उचलला, हवेत धरला. पेला टेबलावर एकटा होता, त्याला कुणी शिवत नव्हतं, आणि त्यातलं पाणी हलत होतं.

आयला! मी मोठ्यानं ओरडलो, "आयला, मी न्हाय!" कुणी ऐकलं असतं तर म्हातारं भ्रमलं म्हणालं असतं. मी भिंतीला कान लावला. भिंतीत बारीक गुंजन होतं, वरच्या बाजूला जास्त, खिडकीजवळच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त, आणि त्या कोपऱ्यातनं वर जाणारा पाइप होता हंबीररावांच्या टाकीचा. पंपाचा आवाज मला ओळखता येऊ नये? मला? घरात पंप नाही, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की समोर पंप बोलत होता तरी मी आबांना ऐकत होतो. हसू येत होतं, आणि त्या हसण्याखालून असा संताप आला की मी चपला न घालताच जिना चढलो. हंबीरराव सत्तरीचे. तालमीत वाढलेले, पुढं वस्ताद झालेले, मान अजून बैलासारखी. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. जिना चढताना मध्येच थांबून कठड्यावरनं रस्ता बघितल्यासारखं करायचे, आणि सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं की गुडघे धरलेत, पण बोलायची प्राज्ञा नव्हती. मी दार बडवलं. दार उघडायला वेळ लागला. कमरेला पंचा, अंग ओलं, तोंड लालबुंद.

"काय मिस्त्री, दुपारचं?"

"आण्णा, टाकी बघायची हाय."

"टाकीत काय बघायचंय? पाणी हाय पाणी."

"पाणी हाय ते मला महिनाभर कळतंय. बाजूला व्हा."

गच्चीत पत्र्याच्या आडोशाला ती होती. गोल, आतनं निळी, आत बसायला बाक केलेला, आणि पाणी असं उसळत होतं, जणू खाली जाळ लावलाय. वाफ येत होती. टाकी कसली, गरम पाण्याचा टब. एका बाजूला पंप, पाणी तापतं ठेवायला दिवसरात्र मधनंमधनं फिरणारा, घट्ट बोल्टनं सांगाड्याला आवळलेला, सांगाडा थेट फरशीवर, फरशी थेट आमच्या डोक्यावर. आणि पाइप लोखंडी पट्टीनं भिंतीला करकचून बांधलेला. ज्यानं कुणी बसवलं त्याला मी मनातल्या मनात जे म्हणालो ते इथं लिहीत नाही. हंबीरराव माझ्या मागं उभे राहून हळू आवाजात बोलायला लागले, आणि तो आवाज त्यांचा वाटत नव्हता. "कुणाला बोलू नगा मिस्त्री. आमचा पोरगा धैर्यशील तिकडं अमेरिकेत हाय न्हवं, त्यानं मुंबईच्या दुकानातनं पाठवाय लावलंय. गुडघ्याला लई बरं पडतंय. खरं तालमीत कळलं तर पोरं हसतील की. म्हणतील वस्ताद कढत पाण्यात बसून शेकून घेतोय. म्हणून टाकी म्हटलं सगळ्यास्नी."

"आण्णा," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, "तुमच्या गुडघ्यापायी मी नोकरी सोडाय निघालतो!" आणि मग मला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस, गच्चीत, अनवाणी, एका पंच्यातल्या पैलवानासमोर. सगळं सांगून टाकलं. पेला, सही, खिशातला हात, आबा. बशीचंसुद्धा सांगितलं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हंबीरराव ऐकत होते आणि त्यांचा खालचा ओठ लोंबत चालला होता. "अरारारा," ते म्हणाले, "म्हंजे मी लाजतोय म्हणून हितं तुमी खाली मरतायसा व्हय! थांबा, फोडूनच टाकतो ही ब्याद." आणि खरंच कोपऱ्यातली पहार उचलायला निघाले. मी त्यांचा दंड धरला. धरला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की किती दिवसांनी मी कुणाला तरी खिशातनं हात काढून धरलंय. "फोडताय कशाला?" मी म्हणालो. "गुडघे काय फोडल्यानं बरे हुणार हायत? मला शनवारपर्यंत द्या."

ते तीन दिवस मी जसा जगलो तसा बरीच वर्षं जगलो नव्हतो. सगळं पाणी सोडून दिलं, त्यालाच अर्धा दिवस गेला. उद्यमनगरातनं जुन्या पट्ट्याचं जाड रबर आणलं, चौकोन कापले, एकावर एक तीन थर, आणि पहारी लावून टब उचलून त्याच्या पोटाखाली सारले. हंबीरराव एका कोपऱ्याला एकटेच पुरले. त्यांच्या गुडघ्यांना विचारू नका, पण खांद्यांना अजून तोड नाही. पंप सांगाड्यापासून सोडवला, वेगळ्या पत्र्यावर घेतला, त्याच्या चार पायांखाली रिक्षाच्या इंजिनखाली असतात तसली रबरं बसवली. भिंतीवरची लोखंडी पट्टी काढून फेकली. पाइप पंपाला जिथं जोडला होता तिथं वीतभर कापून मध्ये रबरी नळी घातली, म्हणजे पंपाची कुरकुर पंपापाशीच राहते, भिंतीपर्यंत पोचत नाही. आणि शेवटी पंप उघडला. पंखा बाहेर काढला, हातात घेतला. परदेशी माल, दिसायला देखणा, पण एका पात्याच्या मुळाशी चुना धरून दगड झाला होता. तो मी कारखान्यात नेला. रजेवरचा माणूस खाकी कपड्यात आला म्हणून पोरं बघत राहिली. पात्यांवर दांडी ठेवली, ढकललं. जड बाजू खाली आली. चुना काढला, पुन्हा ढकललं, पुन्हा. शेवटी पंखा जिथं सोडावा तिथं थांबायला लागला. माझा हात त्याच्यावर होता आणि मला काही वाटत नव्हतं, म्हणजे हाताचं काही वाटत नव्हतं, मी पंख्याचाच विचार करत होतो, आणि तसं करतोय हे ध्यानात आल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच अजून दोनदा ढकलला. जयसिंगराव मागं येऊन उभे होते. "सोमवारी काय सांगणार हुता मिस्त्री?" मी म्हणालो, "काय न्हाय मालक. रजा संपली म्हणून सांगणार हुतो."

रूपालीला मी बुधवारीच सांगितलं होतं. पोस्टातनं आली, पर्स खुंटीला अडकवली, आणि मी तिला हात धरून टेबलापाशी बसवलं. पेला दाखवला, हात वर घेतला. हसत हसत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं ती भुणभुण फ्रिजची हाय." मग म्हणाली, "म्हंजे आता अर्धा पेला भरायचं बंद करायचं?" महिनाभर माझा चहा अर्धाच येत होता आणि मला वाटायचं दूध महागलंय. "तुला ठाव हुतं?" "बशी सोडलासा तवाच कळलं. त्या दिवशी निपाणीत ट्रे घेऊन मीच उभी हुते की दारात." मला मान वर करवेना. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या बैठकीतलं ते वाक्य सगळे विसरले, एक आबा आणि एक मी सोडून. मी म्हणालो, "मी लई वाईट बोललो त्यास्नी." ती म्हणाली, "बोललासा. वाईटच हुतं." मग उठून गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून सांगितलं, "आबा हितं यायचे तवा तुमी कामावर गेल्यावर आमी दोघं स्वयंपाकघरात चहा घ्यायचो. कप-बशीतनंच. बशी मी धरायची खालनं, कप ते धरायचे. रोज दोन कप. तुमास्नी सांगू नगं म्हणायचे." "का?" "म्हणायचे, त्याला वाईट वाटंल. म्हणायचे, लोकांच्या मशिनीचं हलणं काढणारा पोरगा हाय माझा, त्याला बापाचं बघवत न्हाय, त्यात त्याचा काय दोष." मी टेबलावर डोकं टेकवलं. लाकडातनं हंबीररावांचा पंप कानात घुमत होता, कारण तो तेव्हा अजून दुरुस्त व्हायचा होता, आणि मी रडत होतो, पण त्या रडण्यात महिन्याभराचं, आणि खरं म्हणजे चोवीस वर्षांचं, काहीतरी वाहून चाललं होतं. रूपालीनं चहा ठेवला. काठोकाठ भरलेला कप होता, खाली बशी होती.

शनिवारी संध्याकाळी टबात पाणी भरलं, रात्रभर तापू दिलं. रविवारी सकाळी आठला मी वर गेलो. हंबीरराव आधीच मानेपर्यंत पाण्यात, डोळे मिटून, म्हशीसारखे निवांत. बटण दाबलं. पाणी उसळायला लागलं, बुडबुड्यांचा फसफस असा आवाज तेवढा आला, बाकी काही नाही. मी खाली फोन लावून रूपालीला विचारलं, तर ती म्हणाली, "चालू कराल तवा सांगा." तेवढ्यात हंबीररावांचा मोबाइल वाजला. दर रविवारी या वेळेला धैर्यशीलचा फोन यायचा, तिकडं शनिवारची रात्र असायची. त्यानं आधी गुडघ्याला पट्टे पाठवले होते, मग काठी, मग तेलं, आणि वडिलांनी सगळं कपाटात ठेवून "वापरतोय की" म्हणून सांगितलं होतं. ते त्याला कळलं तेव्हापासून त्याचा विश्वास उडाला होता. टब आल्यावर तो दर रविवारी म्हणायचा, आण्णा, फोन टबापाशी धरा, मला आवाज ऐकू दे. मग हंबीरराव फोन पंपापाशी धरायचे, पंप घरघर करायचा, आणि सात समुद्रापलीकडं पोराचं समाधान व्हायचं.

आज त्यांनी फोन धरला, परत कानाला लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे हाय की चालू... न्हाय रं, बसलोय की मी आत... आईशप्पत." फोनमधला आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "आण्णा, खरं सांगा. बंद हाय तो. तुम्ही त्यात बसतच न्हाय. माझ्याशी कशाला खोटं बोलताय?" आवाज रागावलेला होता, पण त्याच्या तळाशी भीती होती, दूर राहणाऱ्या पोराची, आणि ती मला लगेच ओळखू आली. हंबीररावांनी पाण्यातनं फोन माझ्याकडे केला. "घ्या. तुमीच आवाज पळवलाय, आता तुमीच सांगा त्याला."

मी गुडघ्यावर बसलो. फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा पंजा टबाच्या अंगाला लावला, डोळे मिटले. आत पाणी घुसळत होतं, गरम होतं. "धैर्यशील," मी म्हणालो, "मी खालचा प्रसेनजीत. टब चालू हाय. आण्णा आत बसल्यात. माझा हात हाय टबावर."

"मग आवाज कसा न्हाय काका? काही हलतंय तरी का तिथं?"

पंज्याखाली ऊब होती, आणि बोटं त्या उबेवर निवांत पडली होती.

"न्हाय," मी म्हणालो. "काय हलत न्हाय."